पहिलाच पीसी स्वतः जोडायचाय : गेम आणि ब्लेंडर दोन्हीसाठी पार्ट कसे निवडू?

कोरी फाईल
नमस्कार मंडळी. आजवर लॅपटॉपवर भागवलं, आता पहिल्यांदाच डेस्कटॉप आणि तोही स्वतः जोडायचं ठरवलंय. दिवसा ब्लेंडर (थ्रीडी दृश्यं बनवायचं सॉफ्टवेअर), फोटोशॉप आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग. संध्याकाळी गेम, म्हणजे कथा असलेले, मोठ्या खुल्या जगातले. स्पर्धेचे शूटर फारसे खेळत नाही. ब्लेंडरमध्ये सध्या खोल्या, फर्निचर, प्रकाशयोजना असली दृश्यं करते. पुढे छोटी ॲनिमेशन करायची आहेत.

मनात असलेली यादी : प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी, रॅम ३२ जीबी डीडीआर५ (८-८ च्या चार स्टिक), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ३६० चा लिक्विड कूलर, पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) उरलेल्या पैशांत बसेल तो. मॉनिटर सध्याचाच, जुना १०८०पी, ६० हर्ट्झ.

सगळ्या चाचण्यांत हा प्रोसेसर वर दिसतो म्हणून तिथून सुरुवात केली. एकूण रक्कम वाढवता येणार नाही, पण आतल्या आत हलवता येईल. कुठून काढू, कुठे घालू?

उलटा स्क्रू
"एसएमपीएस उरलेल्या पैशांत" हे आधी खोडा. बाकीचं सावकाश बोलू.

निळी शाई
उलटा स्क्रूंना अनुमोदन. पण त्याआधी एक प्रश्न. सध्याच्या लॅपटॉपवर तुम्ही नेमक्या कशासाठी ताटकळता? अंतिम रेंडरला? मॉडेल फिरवताना व्ह्यूपोर्ट (काम करायची खिडकी) अडकतो तेव्हा? फोटोशॉपच्या मोठ्या फायलींना? की गेम अडखळतात? या चारांची उत्तरं वेगवेगळ्या पार्टमध्ये आहेत. सायकल्सचं (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनाचं) रेंडर ग्राफिक्स कार्डावर जातं. मॉडिफायर, रिगिंग (मॉडेलला हलवायचे सांधे जोडणं) असली कामं बहुतांशी प्रोसेसरच्या एका-दोन कोरवर चालतात. फोटोशॉपला रॅम लागते. गेमचं उत्तर मॉनिटरवर अवलंबून. हे कळल्याशिवाय कुणी यादी दिली तर ती त्याच्या स्वतःच्या कामाची यादी असेल, तुमच्या नाही.

कोरी फाईल
@निळी शाई, अंतिम रेंडर, निःसंशय. आणि हल्ली तर दृश्य थोडं मोठं झालं की रेंडर सुरूच होत नाही, मेमरी संपल्याचा संदेश येतो. लॅपटॉपच्या कार्डाला ४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आहे.

घनदाट
मग प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंत.

आतल्या खोल्यांची दृश्यं मीही करतो, म्हणून हिशेब मांडतो. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं (४के) एक टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, घ्या. रंगाचे चार चॅनेल, प्रत्येकी एक बाइट, म्हणजे ६४ एमबी. फाईल डिस्कवर जेपेगमध्ये ५ एमबीची दिसते, पण रेंडरच्या वेळी ती उलगडूनच मेमरीत जाते. एका लाकडी टेबलाला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट असे चार नकाशे लावले की साधारण पाव जीबी. (एकाच चॅनेलचे नकाशे कमी जागा घेतात, ते सोडा.) ८के टेक्श्चर घेतलं की प्रत्येकामागे चौपट. आता सोफा, गालिचा, पडदे, झाडाची कुंडी, भिंत, फरशी मोजा. त्यावर जॉमेट्री, रे ट्रेसिंगची रचना, डिनॉइझर (रेंडरमधले ठिपके पुसणारा), आणि विंडोज व मॉनिटर स्वतः खातात तो वाटा. ८ जीबी कधी संपले ते कळणारही नाही.

संपले की दोनपैकी एक होतं. एकतर सायकल्स उरलेला भार सिस्टिमच्या रॅममध्ये ढकलतं आणि वेग कोसळतो, नाहीतर रेंडर थांबतं. हळू कार्ड उशिरा का होईना, रेंडर देतं. अपुऱ्या मेमरीचं कार्ड काहीच देत नाही. तुमच्या यादीतलं ५०६० टीआय १६ जीबीतही मिळतं, चिप तीच. तुमच्या कामाला ८ जीबीचं मी घेऊ देणार नाही.

पाचवा गिअर
थोडा विरोध नोंदवतो. खोलीच्या कोपऱ्यातल्या कुंडीला ४के टेक्श्चर कशाला? कॅमेऱ्यात ती ऐंशी पिक्सेलची दिसते. ब्लेंडरच्या सिम्प्लिफायमध्ये टेक्श्चरची कमाल मर्यादा घालता येते, कुंड्या-खुर्च्या इन्स्टन्स करता येतात (एकाच प्रतीवरून अनेक दाखवायच्या). ही शिस्त लावून घेतली तर १२ जीबीचं आरटीएक्स ५०७० हे ५०६० टीआय १६ जीबीपेक्षा स्पष्ट वेगवान आहे, रेंडरमध्येही आणि गेममध्येही. मेमरीच्या भीतीने हळू चिप घ्यायची का?

घनदाट
शिस्तीबद्दल शंभर टक्के मान्य. ८ ला माझा विरोध आहे, १२ ला नाही. फक्त कोरी फाईल पुढे ॲनिमेशन करणार म्हणतात. कॅमेरा फिरला की कोपऱ्यातली कुंडी एका फ्रेममध्ये समोर येते. शिवाय शिकण्याच्या काळात माणूस दहा गोष्टी करून बघतो. त्या वयात हात मोकळा असावा असं मला मनापासून वाटतं.

गच्ची
दोन स्वस्त कार्डं लावून ८ + ८ = १६ होतात का?

घनदाट
@गच्ची, नाही. रेंडरचा वेग वाढतो, पण दृश्य प्रत्येक कार्डाच्या मेमरीत वेगळं भरावं लागतं. एनव्हीलिंक या कार्डांमधल्या जोडाने मेमरी वाटून घेता यायची, पण ४० मालिकेपासून गेमिंग कार्डांवर तो जोडच नाही.

रानवाट
सगळे एनव्हिडियाच धरून चाललेत. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी १६ जीबीचं आहे आणि गेममध्ये दणदणीत चालतं. त्याचा विचार का नाही?

निळी शाई
फक्त गेम असते तर मीच सुचवलं असतं. पण ब्लेंडरचा इतिहास बघा. २०२१ मध्ये ३.० आलं तेव्हा सायकल्समधून ओपनसीएल काढून टाकलं आणि एएमडीसाठी एचआयपी आलं (दोन्ही कार्डावर हिशेब चालवायच्या वाटा). हार्डवेअर रे ट्रेसिंगचा आधार एएमडीला २०२३ च्या ३.६ मध्ये, तोही प्रायोगिक म्हणून मिळाला. एनव्हिडियाला तशीच सोय, ऑप्टिक्स, २०१९ पासून आहे आणि ते मुरलेलं आहे. एएमडीवर काम होतं, आता पूर्वीपेक्षा बरंच चांगलं होतं. पण बाहेरचे रेंडर इंजिन, प्लगइन, शिकवण्या यांतलं बरंच काही एनव्हिडियाची कुडा ही यंत्रणा गृहीत धरून बसलंय. पहिल्या पीसीवर काम शिकायचं असेल तर ज्या वाटेवर जास्त लोक चालतात ती बरी, कारण अडलं की विचारायला माणूस सापडतो.

रानवाट
पटलं. माझं सगळं लक्ष गेमवर असतं, म्हणून तसा बोललो. माझ्यासाठी तरी ते कार्ड सुंदर आहे.

शांत पंखा
प्रोसेसरवर कुणी बोललंच नाही. ९८००एक्स३डी चाचण्यांत वर का दिसतो तेही समजून घ्या. प्रोसेसरची चाचणी घेणारे मुद्दाम सगळ्यात ताकदवान कार्ड आणि १०८०पी वापरतात, म्हणजे कार्डाचा अडथळा दूर होतो आणि प्रोसेसरमधला फरक दिसतो. पद्धत बरोबरच आहे. पण तुमच्या घरी मधल्या फळीचं कार्ड असेल आणि १४४०पी मॉनिटर असेल तर अडथळा कार्डच असणार. तिथे एक्स३डी आणि साधा आठ कोरचा प्रोसेसर यांतला फरक पुष्कळ गेममध्ये आकसून जातो. एक्स३डीची ती ९६ एमबी कॅशे (प्रोसेसरमधलीच अतिजलद मेमरी) स्पर्धेचे शूटर, सिम्युलेशन आणि मोठ्या ऑनलाइन जगांत जाणवते, म्हणजे तुम्ही फारसे न खेळणाऱ्या प्रकारांत जास्त.

म्हणून माझं मत : पैसे इथून काढा. रायझन ७ ९७००एक्स (८ कोर) किंवा रायझन ९ ७९०० (१२ कोर). दोन्हींचा टीडीपी (उष्णतेचा नेमलेला आकडा) ६५ वॅट. ७९०० बरोबर कूलरही येतो.

मध्यरात्र
मी एक्स३डीची बाजू घेतो. फ्रेमची सरासरी दोन्हीकडे सारखी असली तरी अडखळणं कमी होतं. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला जेमतेम ६.९. मधेच एखादी फ्रेम ३० मिलिसेकंदांची आली की डोळ्याला खुपते, सरासरीत मात्र दिसत नाही. मोठ्या खुल्या जगात घोडा दौडवत शहरात शिरताना हे हमखास होतं.

शांत पंखा
मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी रेंडरच्या कार्डाचे पैसे कापावे लागत असतील तर मी नाही कापणार. एएम५ सॉकेट (या प्रोसेसरांची बोर्डावरची बैठक) २०२२ पासून आहे आणि एएमडीने २०२७ व त्यापुढेही आधार देण्याचं जाहीर केलंय. आज साधा घ्या. तीन वर्षांनी फ्रेम खुपायला लागल्या तर त्याच बोर्डावर एक्स३डी बसवता येईल.

उलटा स्क्रू
इंटेलचंही एक सांगतो, कारण व्हिडिओ एडिटिंगचा उल्लेख आहे. तुमचा कॅमेरा एचईव्हीसी १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) चित्रण करत असेल तर टाइमलाइन अडखळते. बऱ्याच जुन्या ग्राफिक्स कार्डांना हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक ते करतं, म्हणून एडिटर लोक इंटेल घेत आले. मात्र आरटीएक्स ५० मालिकेत ४:२:२ ची सोय आली, त्यामुळे या एका कारणासाठी प्रोसेसर बदलायची गरज उरली नाही. आणि इंटेल घेतलाच तर नावामागे 'एफ' असलेला नको. त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही.

कोरी फाईल
@उलटा स्क्रू, माझं चित्रण फोनवरचं, ४:२:० असावं. म्हणजे ही चिंता नाही. प्रोसेसरचं पटतंय. चार स्टिकबद्दल कुणी सांगेल का? चारही खाचा भरल्या की वेग जास्त असं वाटलं होतं.

गणिती
उलट आहे. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीची वाहिनी दोनच. चार खाचा म्हणजे प्रत्येक वाहिनीवर दोन-दोन स्टिक. डीडीआर५ ला हा भार जड जातो. एएमडीचा स्वतःचा अधिकृत आकडाच बघा : रायझन ९००० ला दोन स्टिकवर ५६००, चार स्टिकवर ३६००. काहींचं नशिबाने जास्त चालतं, पण नशिबावर यादी करू नये.

३२ च्या दोन घ्या, एकूण ६४. ब्लेंडरमध्ये सिम्युलेशन, मागे फोटोशॉप, ब्राउझर उघडा, अशात ३२ लवकर भरतात. ६४ जमतच नसेल तर १६ च्या दोन, आणि पुढे वाढवायची वेळ आली तर पूर्ण जोडीच बदलायची. वेग ६०००, विलंब सीएल३० हे एएम५ साठी मधलं चांगलं ठिकाण. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा, मग बायोसमध्ये (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमचा जाहीर वेग लागू करणारी सेटिंग, चालू करा. ते चालू केलं नाही तर ६००० ची रॅम निमूट ४८०० किंवा ५६०० वर पळत राहते आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

उलटा स्क्रू
आता एसएमपीएस.

माझ्या आधीच्या पीसीत नाव न ऐकलेल्या कंपनीचा एक होता. डब्यावर वॅटचा मोठा आकडा. गेम तासन्तास नीट चालायचे आणि लांब रेंडर लावलं की मध्यरात्री कधीतरी पीसी फट्‌कन बंद. सकाळी उठून बघावं तर अर्ध्या फ्रेम. आधी रॅम तपासली, मग ड्रायव्हर, मग विंडोज पुन्हा टाकलं. एसएमपीएस बदलल्यावर एकदाही बंद पडला नाही.

गेममध्ये भार वरखाली होतो, रेंडरमध्ये कार्ड तासन्तास पूर्ण ताकदीवर असतं. शिवाय आजची कार्डं क्षणभरासाठी नेमलेल्या वॅटच्या बरीच वर उडी मारतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच एसएमपीएसने अगदी थोड्या मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार झेलला पाहिजे अशी अट आली. ८० प्लस गोल्ड वगैरे शिक्का फक्त कार्यक्षमतेचा असतो. आतले सुटे भाग कसे, संरक्षण कसं, हे तो सांगत नाही. त्या नेमक्या मॉडेलची आतून उघडून केलेली चाचणी शोधा आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा.

हिशेब : ५०७० चे २५० वॅट, ९७००एक्सचे प्रत्यक्ष ८८ पर्यंत, बाकी पंखे-डिस्क-बोर्ड मिळून ७५ धरा. साडेचारशेच्या आत बसतं. ७५० वॅटचा चांगला एटीएक्स ३.१ घेतला की पुढच्या कार्डालाही पुरेल. यापुढे जायची गरज नाही.

खिडकीजवळ
मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबलबद्दलही लिहा हो. एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला लावायची नाही. तोंड बसतं, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते. डिस्क जळून जाते. आणि कार्डाची ती नवी १६ पिनांची केबल पूर्ण आत, फट न दिसेपर्यंत बसवायची. तोंडापाशीच घट्ट वाकवायची नाही.

शांत पंखा
६५ वॅटच्या प्रोसेसरला ३६० चा लिक्विड कूलर नको. दोन पंख्यांचा चांगला हवेचा कूलर पुरतो. त्यात पंप नाही, म्हणजे बिघडण्यासारखा फक्त पंखा, तो बदलता येतो. उरलेले पैसे कॅबिनेटला द्या. पुढे पूर्ण काच म्हणजे हवा येणार कुठून? पुढे जाळी असलेलं घ्या. कार्ड रात्रभर रेंडर करत असेल तेव्हा त्या जाळीची किंमत कळते.

गच्ची
अवांतर : जाळी वरच्या बाजूलाही असेल तर घरात मांजर आहे का ते आधी तपासा. आमची मांजर हिवाळ्यात रेंडर लागायची वाट बघत बसते आणि मग वर पसरते. तापमान लगेच वाढतं, पण तिला उठवायचं धाडस घरात कुणाला नाही.

खिडकीजवळ
@गच्ची, आमच्याकडेही! कॅबिनेटच्या वर उतरता फळ्याचा तुकडा चार बोटं उंच बसवलाय. हवा बाजूने निघून जाते आणि मांजर घसरते.

निळी शाई
मांजरांचा वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

आता मॉनिटर, कारण तो सगळ्यांत कमी बोलला गेलाय आणि तुम्ही दिवसभर त्याच्याकडेच बघणार आहात. १०८०पी म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. कार्डावरचा भार साधारण याच चढणीने वाढतो. मधल्या फळीच्या कार्डाला १४४०पी शोभतं. ब्लेंडरचे पॅनेल उघडले की १०८०पी मध्ये दृश्याला जागाच उरत नाही, त्यामुळे कामालाही हेच बरं. आयपीएस पॅनेल, एसआरजीबी (रंगांची प्रमाणित व्याप्ती) पूर्ण व्यापणारं, १४४ हर्ट्झ किंवा वर. जाहिरातीतल्या मिलिसेकंदांपेक्षा रंगांची चाचणी वाचा. ओलेड दिसतं अप्रतिम, पण आपल्या पडद्यावर तेच टूलबार रोज आठ-आठ तास स्थिर राहतात आणि त्यांचा डाग बसण्याचा धोका आहे, म्हणून कामाच्या मॉनिटरला मी ओलेड सुचवत नाही.

केबल मदरबोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावा, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडा. ते पुष्कळदा ६० वरच राहिलेलं असतं.

पाचवा गिअर
मदरबोर्डवर उगाच खर्च होतो, तेही सांगतो. बी८५० वर्गातला मधला बोर्ड पुरे. फक्त तीन गोष्टी बघा : व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणारा भाग) नीट हीटसिंक, एम.२ च्या (एसएसडीच्या) किमान दोन खाचा, आणि बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवायही बायोस अपडेट करायचं) बटण. शिवाय मॅन्युअलमध्ये कोणती खाच भरली की कोणती बंद होते ते आधीच वाचा. काही बोर्डांवर दुसरी एम.२ भरली की सॅटाचे पोर्ट जातात किंवा पीसीआयचा वेग कमी होतो.

एसएसडी १ ऐवजी २ टीबी. पीसीआयच्या पाचव्या पिढीची नको, चौथी भरपूर आहे. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) असलेली घ्या. क्यूएलसी (चार बिट) मोठी फाईल लिहिताना कॅशे संपली की फार मंदावते.

रानवाट
वापरलेलं कार्ड घेतलं तर? २४ जीबीचं ३०९० मेमरीच्या हिशेबात भारीच.

घनदाट
मेमरीच्या बाबतीत खरंच भारी. पण ३५० वॅट, वॉरंटी बहुधा संपलेली, आणि त्याची काही मेमरी चिप कार्डाच्या पाठीमागच्या बाजूला आहेत, त्या फार तापतात. आधीच्या मालकाने ते कसं वापरलं हे कळायला मार्ग नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बिल्डला घ्यावं. पहिलाच पीसी जोडताना काही चालेना तर दोष जोडणीत की कार्डात हे ओळखायचं कसं?

कोरी फाईल
सगळं दोनदा वाचलं. नवी यादी अशी : रायझन ७ ९७००एक्स, दोन पंख्यांचा हवेचा कूलर (उंची १६५ मिमी), बी८५० बोर्ड, ३२ × २ डीडीआर५ ६०००, २ टीबी चौथ्या पिढीची टीएलसी एसएसडी, ७५० वॅट एटीएक्स ३.१, जाळीचं कॅबिनेट, १४४०पी आयपीएस मॉनिटर. कार्डावर मात्र अडलेय : ५०६० टीआय १६ की ५०७० चे १२? लॅपटॉपवर न उघडलेलं दृश्य एका मैत्रिणीच्या पीसीवर उघडून बघितलं. ब्लेंडरच्या स्टेटस बारमध्ये व्हीरॅम ११ च्या आसपास दाखवत होतं, टेक्श्चरला हात न लावता.

पाचवा गिअर
मग माझा आग्रह मी सोडतो. ११ आत्ताच लागत असतील तर १२ मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. टेक्श्चर कमी करता येतील, पण दर वेळी त्यातच वेळ जाईल. १६ घ्या. फक्त हे कार्ड पीसीआयच्या आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. तुमचा बोर्ड नवा असल्याने अडचण नाही, पण कुणी जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर बसवणार असेल तर ध्यानात ठेवावं.

घनदाट
१६. आणि एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका, त्यावर गेमही चालतात.

शांत पंखा
कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची बघितलीत का? पुष्कळ कॅबिनेट १६० ला थांबतात. तुमचा १६५ चा आहे, बाजूची काच बंद होणार नाही. एकतर कॅबिनेट बदला किंवा १५५ च्या आसपासचा कूलर घ्या.

कोरी फाईल
बघितलं, १६० च आहे! १५५ चा कूलर घेते. बाकी मागवतेय.

गणिती
पहिल्यांदा चालू कराल तेव्हा पडदा काही मिनिटं काळाच राहील. डीडीआर५ ची मेमरी ट्रेनिंग चालू असते, ६४ जीबीला जरा जास्तच वेळ लागतो. पंखे फिरताहेत आणि बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटलाय एवढं दिसलं की हात मागे घेऊन थांबा, बटण दाबून बंद करू नका. बायोस दिसल्यावर आधी तो अपडेट करा, एक्स्पो त्यानंतर. आणि कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी पेस्ट लावायच्या आधी काढा.